दोन बॅटऱ्यांची खबरदारी

आपल्याकडे 'बॅटरी' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हातातली टॉर्च येते. तिच्यात घालतो त्याला आपण 'सेल' म्हणतो. रात्री वीज गेली आणि बॅटरी पेटली नाही, की आपण सेल बाहेर काढतो, सदऱ्याला पुसतो, पुन्हा आत सरकवतो आणि बॅटरीवर एक थाप मारतो. बऱ्याचदा ती पेटते. सेल संपलेला नसतोच, त्याचे टोक पत्र्याला नीट टेकलेले नसते. सेलमध्ये वीज असणे वेगळे आणि ती बल्बपर्यंत पोहोचणे वेगळे, हे आपल्याला या थापेमुळे ठाऊक असते. जमिनीवर अशी थाप मारता येते. दोनशे फुटांवर उडणाऱ्या विमानाला ती मारता येत नाही.

रेडिओवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानांचा इतिहास वाचताना मला ही थाप वारंवार आठवली. मी भाषेचा शिक्षक, विजेचा नाही. पण या छंदाच्या इतिहासात माणसाने विश्वास कशावर ठेवावा आणि किती ठेवावा, याचा एक धडा आहे. तो विजेच्या जाणकारांपुरता राहू नये, म्हणून हा लेख.

मोठे म्हणजे किती मोठे?

खेळण्यातले विमान हातावर मावते. इथे ज्या विमानांबद्दल बोलायचे आहे, ती तशी नाहीत. अमेरिकेतील इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या व्याख्येनुसार एकपंखी विमानाच्या पंखांची लांबी किमान ८० इंच आणि दुपंखी विमानाची किमान ६० इंच असेल, तरच ते 'जायंट स्केल' म्हणजे महाकाय मॉडेल. प्रत्यक्षात अनेक विमाने याहून मोठी असतात. दहा-दहा फुटांचे पंख, पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि १५-२० किलो वजन. आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन आणि करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानाची कमाल वजनमर्यादा २५ किलो आहे. २५ किलो म्हणजे तांदळाचे एक पोते. ते ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने डोक्यावरून जात आहे, अशी कल्पना करा.

अशा विमानात पंखा फिरवायचे काम पेट्रोलचे इंजिन करते. पण पंखांच्या कडेच्या पट्ट्या, शेपटीचे सुकाणू आणि इंजिनाचा थ्रॉटल हलवायला छोट्या विजेच्या मोटारी असतात. त्यांना सर्व्हो म्हणतात. माणसाच्या हातातला संदेश हवेतून पकडणारा रिसीव्हरही विमानातच असतो. रिसीव्हर आणि सर्व्हो या दोघांचे पोट एका लहानशा बॅटरीवर चालते. ती बॅटरी विमानाला उडवत नाही, पण ती बंद पडली की इंजिन पूर्ण जोरात चालू असते आणि विमान कुणाचेच राहत नाही. 'फेलसेफ' नावाची एक सोय असते. संदेश तुटला तर रिसीव्हर आपणहून इंजिन मंद करतो. पण ती सोयही विजेवरच चालते. बॅटरीच गेली तर फेलसेफही गेला.

नियंत्रण सुटले तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. ९ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मॉडेल विमानांचा कार्यक्रम होता. गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचे एक विमान प्रेक्षकांत घुसले. जखमींपैकी एक प्रेक्षक पुढे दगावला. सामना पाहायला आलेला माणूस घरी परतला नाही. म्हणून या विषयाला नुसता छंद म्हणून सोडून देता येत नाही.

रबराच्या जोरावर

दुरून रेडिओने यंत्र चालवण्याचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केले. पाण्याच्या हौदात एक लहान बोट होती. तिच्या पोटात बॅटऱ्या होत्या आणि ती दुरून दिलेल्या संदेशावर वळत होती. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचे पेटंट मिळाले. बोटीला वजनाची फारशी चिंता नसते. जड बॅटरी तिला उलट स्थिर ठेवते. विमानाला मात्र प्रत्येक तोळ्याचा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब जुळवणाऱ्यांत वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ अग्रणी होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅलमझू गावात १९३७मध्ये त्यांनी 'गफ' नावाचे विमान रेडिओने यशस्वीपणे उडवले. त्याचे पंख आठ फुटांचे होते. म्हणजे या छंदाची सुरुवातच मोठ्या विमानाने झाली. कारण साधे होते. त्या काळचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचा असे. व्हॉल्व्हची तार तापवायला एक बॅटरी लागे आणि त्याच्या पट्टीला ४५ किंवा त्याहून अधिक व्होल्ट पुरवायला दुसरी. हे ओझे उचलायला मोठे पंख हवेच होते. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

इतक्या बॅटऱ्या बाळगूनही सुकाणू हलवण्याइतकी ताकद त्यांच्यात उरत नसे. म्हणून एक युक्ती होती. विमानाच्या पोटात पीळ दिलेले रबर असे. रेडिओचा संदेश आला की बॅटरी फक्त एक छोटा विद्युतचुंबक ओढी, खटका सुटे आणि रबराच्या पिळाने सुकाणू एक पाऊल सरके. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, पुन्हा मध्ये. रबराचा पीळ संपला तर संदेश पोहोचूनही उपयोग नाही. हुकूम एकाचा आणि ताकद दुसऱ्याची, ही विभागणी लक्षात ठेवा. साठ-सत्तर वर्षांनी ती नव्या रूपात परत आली.

मधल्या काळात युद्ध आले. रेजिनाल्ड डेनी हे मूळचे इंग्रज, पण हॉलिवूडमध्ये नाव कमावलेले नट. त्यांना मॉडेल विमानांचे वेड होते. त्यांच्या रेडिओप्लेन कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी तोफांच्या सरावाची रेडिओनियंत्रित लक्ष्यविमाने बनवली. बारा फुटांहून लांब पंखांची ही विमाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने तयार झाली. आज 'ड्रोन' म्हटले की ज्या गोष्टी आठवतात, त्यांच्या वंशावळीत हा छंद असा मुळाशी आहे. सरावाचे विमान पडले तर तोफखान्याला आनंदच होई. हौशी माणसाचे तसे नसते. त्याने हिवाळाभर बसून बनवलेले विमान त्याला संध्याकाळी घरी परत न्यायचे असते.

चार सेलांवरचा भरवसा

युद्धानंतर ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हसोबत ती जड बॅटरीही गेली. १९६०च्या दशकात 'प्रपोर्शनल' पद्धत रुळली. हातातली दांडी जितकी सरकवाल, तितकेच सुकाणू सरकते. यासाठी प्रत्येक सर्व्होला सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवला जातो. तो ठोका एक ते दोन सहस्रांश सेकंद लांब असतो आणि त्याच्या लांबीवरून सर्व्होला कुठे थांबायचे ते कळते. रबराची गरज संपली. आता हुकूमही विजेचा आणि ताकदही विजेची.

ही ताकद दिली ती निकेल-कॅडमियम सेलने. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी तो १८९९मध्ये शोधला होता, पण पूर्ण बंद, न गळणारा सेल १९४०च्या दशकाच्या अखेरीस जमला. एका सेलचे १.२ व्होल्ट, चार सेलांचे ४.८ व्होल्ट. चार सेल, एक स्विच, एक रिसीव्हर आणि चार सर्व्हो, हा अनेक वर्षे ठरलेला संच होता. दोन-तीन किलोच्या विमानाला तो पुरतही होता.

१९७०च्या दशकात लोक खऱ्या विमानाच्या पाव आकाराची मॉडेल बनवू लागले. करवतीची आणि गवत कापायच्या यंत्रांची पेट्रोल इंजिने त्यांवर बसवली जाऊ लागली. विमान वाढले, पण पोटातली बॅटरी तीच चार सेलांची राहिली. मग विमाने पडू लागली आणि मलब्यातून कारणे सापडू लागली.

पहिले कारण सेल. चारपैकी एक सेल आतून जुळला की ४.८चे ३.६ व्होल्ट होतात. दुसरे कारण काळी तार. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या ऋण टोकाची काळी तार कधी कधी आवरणाखाली आतल्या आत सडते. वरून ती तार नवीकोरी दिसते, हाताला लागते, मोजणीयंत्रावर व्होल्टही दाखवते. पण सर्व्होंनी जोर मागितला की तिच्यातून पुरेसा प्रवाह जात नाही. या छंदात या रोगाला 'ब्लॅक वायर' हेच नाव आहे. तिसरे कारण स्विच. पेट्रोलच्या इंजिनाची थरथर तासन्‌तास सोसून साध्या सरकत्या स्विचचे आतले पत्रे झिजतात आणि एके दिवशी हवेत असताना सुटतात.

यावर लोकांनी पहिला उपाय केला तो दुसरी बॅटरी बसवण्याचा. पण केवळ दोन बॅटऱ्या बसवून प्रश्न सुटत नाही. दोन विहिरींतून एकाच टाकीत पाणी आणायचे असेल, तर प्रत्येक पाइपला पाणी उलटे जाऊ न देणारी झडप लागते. ती नसेल आणि एक विहीर आटली, तर भरलेल्या टाकीचे पाणी त्या कोरड्या विहिरीत परत जाईल. बॅटऱ्यांचेही असेच होते. एकीतला सेल जुळला की ती दुसरीचा प्रवाह गिळू लागते. विजेच्या या झडपेचे नाव डायोड. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट वाया जातात, शॉट्की प्रकारच्या डायोडमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. ४.८ व्होल्टच्या संचात एवढाही तोटा जाणवतो. म्हणून मोठ्या विमानांत पाच सेलांची ६ व्होल्टची बॅटरी आली.

तरीही काही जण दोन बॅटऱ्या बसवून त्यांच्या तारा एकाच स्विचमधून नेत. तो स्विच सुटला की दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असूनही विमान जमिनीवर. संख्या दोन होती, पण वाट एकच होती.

तारेतला दुष्काळ

पुढचा प्रश्न तारांचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिजिटल सर्व्हो आले. ते अधिक चपळ आणि बळकट होते, पण खादाडही होते. जुना सर्व्हो पूर्ण अडला तरी साधारण एक अँपिअर मागे. मोठा डिजिटल सर्व्हो अडला तर पाच अँपिअर आणि त्याहूनही अधिक मागतो. कसरती करणाऱ्या मोठ्या विमानात असे आठ-दहा सर्व्हो असतात. हे सगळे रिसीव्हरमधल्या तांब्याच्या बारीक रेषांतून आणि बॅटरीच्या एका नाजूक पिनेतून वीज घेत होते. गावाला तलाव मोठा बांधला, पण नळ मात्र अर्ध्या इंचाचा ठेवला, असा प्रकार.

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे लावून पाहू. सर्व्होंच्या तारेत बऱ्याचदा २२ गेज जाडी असते. तिचा अडथळा मीटरला साधारण ०.०५३ ओहम. सर्व्हो पंखाच्या टोकाजवळ, एक मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून दोन मीटर तार, म्हणजे ०.१०६ ओहम. पाच अँपिअर वाहिले तर वाटेतच ०.५३ व्होल्ट संपतात. पिना आणि जोड यांचा तोटा वेगळाच. बॅटरीवर सहा व्होल्ट दिसतात आणि सर्व्होला मिळतात साडेपाचहून कमी. तार जाड केली, २० गेजची घेतली, तर हाच तोटा सुमारे ०.३३ व्होल्टवर येतो. बॅटरी बदलण्याआधी तार पाहावी, हा शहाणपणा या साध्या गुणाकारातून येतो.

मग २००५-०६च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ बाजारात आले. जुन्या रेडिओत दोघांनी चुकून एकच वाहिनी वापरली की विमान पडे. नव्या पद्धतीने ती भीती जवळजवळ संपवली. पण नवा रिसीव्हर हा एक लहानसा संगणक होता. जुन्या रिसीव्हरला वीज क्षणभर कमी पडली तर सर्व्हो थरथरत आणि पुन्हा ताळ्यावर येत. नव्याला व्होल्टेज साडेतीनच्या आसपास क्षणभर जरी उतरले, तरी तो बंद होऊन पुन्हा सुरू होई. आपला मोबाइल बंद करून चालू केल्यावर लागतो तसा वेळ, फक्त काही सेकंदांचा. ताशी शंभर किलोमीटरने जाणारे विमान तीन सेकंदांत ८० मीटरहून पुढे गेलेले असते. पुष्कळांनी रेडिओला दोष दिला. नंतर ध्यानात आले की रेडिओने फक्त उपासमार उघडी पाडली होती. बॅटरी, स्विच आणि तारा आधीपासूनच अपुऱ्या होत्या. जुना रिसीव्हर ते निमूटपणे सोसत होता, इतकेच.

वीज वाटणाऱ्या स्वतंत्र पेट्या घरोघरी नव्हे, पण मैदानोमैदानी पोहोचल्या त्या याच काळात. जर्मनीची पॉवरबॉक्स सिस्टिम्स आणि अमेरिकेची स्मार्ट-फ्लाय ही यांतली ओळखीची नावे. पेटीचे काम असे: दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या वाटांनी आत येतात. प्रत्येकीला उलट प्रवाह अडवणारी झडप असते. व्होल्टेज ठरावीक पातळीवर आणले जाते. सर्व्होंना जाड वाटेने थेट वीज मिळते आणि रिसीव्हरकडून फक्त संदेश घेतला जातो. म्हणजे हुकूम एकाचा, ताकद दुसऱ्याची. रबराच्या काळातली विभागणी परत आली. स्विचही बदलला. नव्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून मुख्य प्रवाह जातच नाही, तो फक्त इशारा देतो. त्याची तार तुटली तर यंत्रणा बंद होत नाही, चालूच राहते. जुन्या स्विचचे बिघडणे म्हणजे 'बंद' आणि नव्याचे बिघडणे म्हणजे 'चालू'. यंत्र बिघडणारच आहे, तर ते कोणत्या बाजूला बिघडावे हे आधी ठरवून ठेवायचे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर विचार वाटतो.

फेजचा मुलगा आणि लिथियम

आता बॅटरीच्या जातीकडे येऊ. आज प्रश्न असतो तो लिथियमच्या तीन भावंडांपैकी कोणते घ्यायचे याचा. लिथियम बॅटरीचा उल्लेख झाला की २०१९चे नोबेल मिळवणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो आठवतात. आपल्या वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. १९५३मध्ये मोरोक्कोच्या फेज शहरात जन्मलेले रशीद यझामी. ज्या शहरात फातिमा अल-फिहरी यांच्या नावाशी जोडलेले अल-करावियीन विद्यापीठ आहे, तेच हे फेज. फ्रान्समधील ग्रनोबल येथे संशोधन करताना १९८०च्या आसपास यझामींनी दाखवले की ग्राफाइटच्या थरांत लिथियम आत शिरू शकते आणि पुन्हा बाहेर येऊ शकते. आजच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचे ऋण टोक ग्राफाइटचे असते. नोबेलच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, पण २०१४चे ड्रेपर पारितोषिक त्यांना गुडइनफ, योशिनो आणि निशी यांच्यासोबत मिळाले. आपल्या पूर्वजांच्या विज्ञानाच्या कथा आपण हौसेने सांगतो. आपल्या काळातल्या माणसाचे नावही तितक्याच हौसेने मुलांना सांगायला हवे.

१९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे आली लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो. वजनाला हलकी आणि प्रवाह द्यायला सढळ. पण तिचे लाड करावे लागतात. एका सेलचे ४.२ व्होल्टच्या वर भरणे किंवा ३च्या खाली उतरवणे तिला सोसत नाही. मार लागला, फुगली, तर आग लागू शकते. तिसरे भावंड लिथियम-आयर्न-फॉस्फेट. १९९७मध्ये टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी त्यावरचे मूळ संशोधन प्रसिद्ध केले. ही बॅटरी थोडी जड, पण स्वभावाने शांत असते. तापली तरी सहसा पेट घेत नाही. २००६-०७च्या सुमारास ए१२३ कंपनीचे असे सेल डीवॉल्टच्या ड्रिल यंत्रांत येऊ लागले, तेव्हा सुटे सेल सहज मिळत नसल्याने मॉडेलवाले ड्रिलची बॅटरी विकत घेऊन फोडत, आतले दहा सेल काढत आणि आपल्या विमानात बसवत. आपल्याकडच्या कारागिरांना ही वृत्ती नवीन नाही.

निवड करताना हिशेब असा करतात. लिपोचे दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात. सर्व्हो सहा व्होल्टचे असतील तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर लागतोच. म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू. सर्व्हो मूळचेच ८.४ व्होल्ट सोसणारे असतील तर त्याची गरज नाही. आयर्न-फॉस्फेटचे दोन सेल साधारण ६.६ व्होल्ट देतात. अनेक सर्व्हो ते थेट सोसतात, म्हणून पुष्कळ जण रेग्युलेटरशिवाय हीच जोडी वापरतात. पण तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखे राहते आणि मग एकदम कोसळते. व्होल्टमीटर पाहून तिच्यात किती उरले ते कळत नाही. किती वीज परत भरावी लागली, याची वही ठेवावी लागते.

क्षमतेचा हिशेबही अवघड नाही. दहा सर्व्हो मिळून सरासरी चार अँपिअर घेतात आणि उड्डाण बारा मिनिटांचे आहे असे धरा. चार गुणिले बारा भागिले साठ, म्हणजे ०.८ अँपिअर-तास, ८०० मिलीअँपिअर-तास. बॅटऱ्या दोन आहेत म्हणून प्रत्येकीने ४०० द्यावेत, असा विचार करायचा नाही. एक पहिल्याच मिनिटाला गेली, असे समजून दुसरीने एकटीने विमान परत आणायला हवे. २५०० मिलीअँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या तर एकटीवर सगळा भार पडूनही तिच्यातला तिसरा हिस्साच संपतो. शिवाय सगळे सर्व्हो एकाच क्षणी जोर लावतील तेव्हाचा प्रवाह सरासरीच्या कित्येक पट असतो. तो देण्याची ताकद प्रत्येक बॅटरीत, प्रत्येक जोडात आणि प्रत्येक तारेत हवी.

खबर

इथवर वाचून वाटेल की दोन बॅटऱ्या, दोन स्विच, जाड तारा आणि एक चांगली पेटी घेतली की काम झाले. पण या इतिहासातला सर्वांत बारीक धडा पुढेच आहे.

दुसरी बॅटरी पहिलीचे मरण लपवते. एकच बॅटरी होती तेव्हा ती गेल्याचे लगेच कळे, कारण विमान पडे. दोन असताना एक गेली तर काहीच घडत नाही. विमान छान उडते, छान उतरते. मालक खुशीत घरी जातो. पुढच्या रविवारी तो दोन बॅटऱ्यांच्या भरवशावर विमान उडवतो, पण प्रत्यक्षात ते एकीवर उडत असते. आधाराला ठेवलेली वस्तूच मग निष्काळजीपणाचे कारण बनते. म्हणून या पेट्यांवर प्रत्येक बॅटरीसाठी वेगळा दिवा असतो आणि आजचे रेडिओ दोन्हींचे व्होल्टेज उडत्या विमानातून हातातल्या पडद्यावर पाठवतात.

'खबरदारी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. आपण तो 'काळजी', 'सावधगिरी' अशा अर्थाने वापरतो. पण शब्द उलगडून पाहिला तर 'खबर' आणि 'दारी', म्हणजे खबर बाळगणे. ज्याला आपल्या आधारांची खबर आहे तो खबरदार. दुसरी बॅटरी बसवणे ही सोय झाली. दोघींची वेगवेगळी खबर ठेवणे ही खबरदारी.

आपल्या घरांत 'तवक्कुल'वर बोलताना उंटाची गोष्ट सांगितली जाते. अल्लाहवर भरवसा ठेवून उंट मोकळा सोडू की बांधू, असे एकाने प्रेषितांना (स.) विचारले, आणि आधी बांध व मग भरवसा ठेव, अशी शिकवण त्याला मिळाली. लहानपणापासून ही गोष्ट मी दोराबद्दलची म्हणून ऐकत आलो. आता वाटते, ती गाठीबद्दलचीही आहे. काल बांधलेली गाठ आज सैल झाली नाही ना, हे हाताने ओढून पाहणेही बांधण्यातच येते. आपल्याकडे एन.सी.सी.च्या एअर विंगची मुले मॉडेल विमाने उडवतात, अभियांत्रिकी कॉलेजांतले संघ ती स्वतः बनवतात. विमानाचा आकार आणि वेग यांचे कौतुक त्यांना आपोआप मिळते. गाठ ओढून पाहण्याची सवय मात्र कुणीतरी लावावी लागते.

जाणकार उडवणारा मैदानावर काय करतो, ते सांगून थांबतो. इंजिन सुरू करण्याआधी तो पहिली बॅटरी एकटी चालू करतो आणि सगळ्या पट्ट्या एकदम, जोरात हलवून पाहतो. दिवा मंदावतो का, सर्व्हो अडखळतो का, पाहतो. मग ती बंद करून दुसरीवर हेच करतो. त्यानंतर दोन्ही चालू. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात. बाजूला उभी असलेली मुले कंटाळून विचारतात, "काका, उडवा ना आता!" तो हसतो, वहीत दोन आकडे लिहितो आणि मगच इंजिनाकडे वळतो.